कालव्याचे पाणी आणि पानावरचे ऊन

देवळाली प्रवराच्या शेतीचा इतिहास आजवर पाण्याचा इतिहास म्हणून सांगितला गेला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळला. १९१० मध्ये भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले, १९२६ मध्ये ते पुरे झाले, आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी प्रवराकाठचे रूप पालटले. जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाच्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. हे सगळे खरे असले, तरी माझ्या मते ही हकीकत अर्धीच आहे. इथल्या पिकांचा झगडा जितका कोरड्या जमिनीशी होता, तितकाच तो डोक्यावरच्या प्रकाशाशी होता, आणि कालव्याने बदल घडवला तो या दुसऱ्या झगड्यातही.

हरितद्रव्य समोर आलेला प्रकाश शोषतेच. गरज भागली म्हणून ते थांबत नाही. एरवी ही ऊर्जा कर्बवायूपासून साखर बनवण्यात खर्ची पडते. ओल संपली की पान आपली रंध्रे मिटते, कर्बवायू तुटपुंजा होतो, ऊर्जा मात्र येतच राहते. ती तुंबली की घातक रूपातला ऑक्सिजन तयार होतो आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतले डी-१ नावाचे प्रथिन मोडू लागते. पान हे मुकाट सोसत नाही. कडक उन्हात त्यातले व्हायोलाझँथिन हे रंगद्रव्य काही मिनिटांत झियाझँथिनमध्ये बदलते आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मोडलेले डी-१ काढून नवे बसवण्याचे कामही सतत चालू असते. पण ढगाची सावली आली तरी हा बंदोबस्त लगेच सैल होत नाही, आणि तेवढा वेळ उपयोगी ऊर्जाही वाया जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तंबाखूच्या रोपांत तो लवकर सैल होईल असा बदल केला, तेव्हा शेतातल्या रोपांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. संरक्षण पिकाला फुकट मिळत नाही, हे यातून दिसते.

आता जुन्या पीकपद्धतीकडे पुन्हा पाहावे. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि चैत्राचे ऊन तापण्याआधी काढली जाते. तिच्या पानावर मेणाचा थर असतो. ताण पडला की भर दुपारी पान लांबीत वळून त्याची सुरळी होते, प्रकाश झेलणारा पृष्ठभाग आक्रसतो, आणि ऊन उतरल्यावर ते पुन्हा उलगडते. सर्वात कठीण प्रकाशाच्या महिन्यांत कोरडवाहू रान मोकळेच असे. उसाने ही घडी मोडली. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस १६-१८ महिने शेतात राहतो, म्हणजे अख्खा वैशाख अंगावर घेतो. ते शक्य झाले, कारण कालव्याच्या आवर्तनाने रंध्रे उघडी ठेवली आणि शोषलेल्या प्रकाशाची साखर होत राहिली.

शेतकऱ्याने पाणी मोजले, प्रकाश कधी मोजला, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे. पेरणीची वेळ ओल पाहूनच ठरली. पण माणसाने कशाचा विचार केला आणि पिकाला कशाने तारले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पानाच्या पातळीवर पाण्याची टंचाई म्हणजेच प्रकाशाचा अतिरेक. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऊस आणि ज्वारी दोन्ही सी-४ गटातली, कर्बवायू आत एकवटून वापरणारी, तेव्हा त्यांना प्रखर प्रकाशाची भीती कसली? सौम्य ताणात ही सोय खरोखर उपयोगी पडते. ताण लांबला की तीही अपुरी ठरते, आणि दोन आवर्तनांमधले अंतर वाढले की वाळू लागलेला फड याची साक्ष देतो.

म्हणून उन्हाळी आवर्तनाची तारीख ठरवताना धरणातला साठा आणि मागणी एवढेच पाहणे पुरेसे नाही. पानाची प्रकाश वापरण्याची क्षमता हरितद्रव्याच्या प्रस्फुरणावरून, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी ते परत टाकते त्या क्षीण प्रकाशावरून, शेतातच मोजता येते. काउट्स्की या शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखवलेल्या प्रस्फुरणाच्या परिणामावर ही पद्धत उभी आहे. देवळालीच्या शेजारीच राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. कालव्याखालच्या उसाची अशी मोजणी एप्रिल-मेमध्ये दरवर्षी व्हावी आणि तिचे आकडे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मांडले जावेत.