झिजलेला रुपया आणि घासलेला रुपया

चांदीचे नाणे हातोहात फिरताना झिजते. एकेका व्यवहारात जाणारा कण दिसत नाही, पण काही वर्षांत अक्षरे बोथट होतात आणि पारडे हलके पडते. रुपयाचे मोल त्यातल्या चांदीवर ठरत होते तोवर ही घट कोणाला तरी सोसावी लागे. तिच्यापोटी होणाऱ्या कापणीला बट्टा म्हणत. तो किती घ्यायचा हे सराफ ठरवी आणि त्याचा भार बहुधा रयतेवर पडे.

मुघल अमलात रुपयाचे वय पाहून त्याचा वर्ग ठरे. चालू वर्षी पाडलेला तो सिक्का, त्याच बादशहाच्या आधीच्या वर्षांतला तो चलनी, आणि मागच्या बादशहांच्या नावाचा तो खजाना. नाण्यावर जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, कोरलेले असल्याने सराफाला ते वय वाचता येई. अठराव्या शतकातल्या बंगालमध्ये तर हा हिशेब ठरूनच गेला होता. शंभर नवे सिक्का रुपये ११६ हिशेबी रुपयांच्या बरोबरीचे धरत. दुसऱ्या वर्षी तेच ११३ होत आणि तिसऱ्या वर्षापासून १११. अशा जुन्या रुपयांना सनत म्हणत. झीज हे या कापणीचे निमित्त होते. प्रत्यक्ष झिजेशी तिचा संबंध थोडाच उरला होता. पेटीत पडून राहिलेला, वजनाला पूर्ण असलेला रुपयाही निव्वळ वर्षाच्या आकड्यामुळे स्वस्त होई. ईस्ट इंडिया कंपनीने १७९३ साली यावर तोडगा काढला. बंगालच्या प्रत्येक रुपयावर मुघल बादशहा शाहआलमचे १९ वे जुलूस वर्षच कायम घालायचे ठरले, म्हणजे नाणे पाहून वय सांगता येऊ नये. त्याच सुमारास नाण्याच्या कडेवर तिरप्या रेघाही आल्या. कानस मारून चांदी काढून घेण्याची चोरी त्यामुळे उघडी पडू लागली.

दख्खनमध्ये गुंता याहून मोठा होता, कारण टांकसाळीच अनेक होत्या. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. त्यांचा कस वेगळा, वजन वेगळे, बट्टाही वेगळा. म्हणून सरकारी भरण्यापूर्वी पोतदार किंवा सराफ नाणे पारखी. कसोटीच्या दगडावर कस उतरवी, फरशीवर आपटून नाद ऐके, संशय आला तर लहानशा पोलादी ठशाने घाव घालून आतली चांदी पाही. आजही अनेक मुघल आणि मराठा रुपयांवर या घावांच्या खुणा दिसतात. संग्राहक त्यांच्यामुळे किंमत कमी धरतो; इतिहासकाराला मात्र त्या खुणांवरून कळते की हे नाणे खरोखर बाजारात वापरले गेले.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा, आणि असे ८० तोळे म्हणजे एक शेर. कायद्याने झिजेलाही मर्यादा घातली; १९०६ च्या नाणे कायद्यातही ती होती. ठरलेल्या वजनापेक्षा २ टक्क्यांहून अधिक हलका झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. सराफाच्या अंदाजाची जागा तराजूने घेतली. हा बदल फार मोलाचा होता, कारण आता कापणीचे कारण मोजून दाखवता येत होते.

झिजेला अभ्यासाचे साधन बनवले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४० च्या आसपास, त्यांनी प्राचीन आहत (ठशांच्या खुणा मारलेल्या) नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. नाणी जितकी अधिक काळ फिरतात तितके त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतला फरक वाढतो, हे चालू चलनातली नाणी तोलून त्यांनी पडताळले. या नियमाच्या आधारे एका ठेव्यातल्या नाण्यांचा आगेमागेपणा लावता येतो. पण आम्लात बुडवून साफ केलेल्या नाण्याचे वजन वापराबाहेरच्या कारणाने घटलेले असते आणि हा पुरावा तिथेच बिघडतो.

साफसफाईचा प्रश्न घराघरांतही आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला राणी छाप रुपये चिंच, राख किंवा रांगोळीने घासून लख्ख करण्याची चाल जुनी आहे. पूजेसाठी ते योग्यच. संग्राहकाच्या बाजारात मात्र त्याने नुकसान होते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर जमतो. हा थर घासून काढला की त्यात गुंतलेली चांदी त्याच्यासोबत जाते आणि खाली बारीक ओरखडे राहतात. ठशाचा दाब बसताना धातू पसरून उमटलेल्या सूक्ष्म रेषांमुळे नव्या नाण्याला खास झळाळी येते. एकदा त्या रेषा गेल्या की कोणत्याही पॉलिशने परत येत नाहीत. वापराची झीज राणीच्या गालासारख्या उंचवट्यांवर आधी दिसते आणि खोलगट भाग शाबूत राहतो. घासण्याचे ओरखडे सगळीकडे सारखे दिसतात. जाणकार या फरकावरूनच दोन्ही ओळखतात.

म्हणून प्रामाणिकपणे झिजलेल्या रुपयाला त्याच्या दर्जाप्रमाणे भाव मिळतो, आणि चकचकीत घासलेला रुपया बरेचदा चांदीच्या भावाच्या जवळ येऊन थांबतो. नाण्यांना ७० च्या मोजपट्टीवर दर्जा देणाऱ्या संस्था अशा नाण्याला अंक देत नाहीत, फक्त ते साफ केलेले असल्याची नोंद करतात. हारासाठी कडी झाळून लावलेल्या आणि नंतर ती काढलेल्या रुपयांचीही तीच गत होते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. मातीतल्या क्षारांमुळे त्यांच्यावर क्लोराइडचे जाड कवच चढते, आणि ते काढल्याशिवाय लेखही वाचता येत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला आहे, आणि ही गोष्ट नाण्यांवरची दोन्ही चिन्हे वाचता आली म्हणूनच कळली. अशा ठेव्याची सफाई प्रयोगशाळेत, तोलून, नोंद ठेवून आणि शक्य तितकी सौम्य करावी लागते. सुट्या नाण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपणे पुरते. कापड घासायचे मात्र नाही.