लोहाराची नजर आणि एक आकडा

कोयत्याला पाणी देणारा लोहार भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघतो आणि नेमक्या क्षणी ते बाहेर काढतो. अशा मुरलेल्या नजरेबद्दल मला भारी आदर आहे. पण तिलाही ऊन फसवतं, हे एका रायफलीच्या इतिहासात वाचलं आणि ते डोक्यातून जाईना.

ही रायफल म्हणजे अमेरिकन सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड. बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्यात बसते, तो पोलादी भाग म्हणजे रिसीव्हर. गोळी सुटताना मागे येणारा जोर तो पेलतो, आणि नेमबाजाचा चेहरा त्याच्या अगदी जवळ असतो! १९१७ मध्ये, युद्धाच्या घाईत, काही रिसीव्हर फुटले. चौकशीत कळलं की कारखान्यातले कारागीर पोलाद किती तापलंय ते डोळ्यांनीच ठरवत. पायरोमीटरने मोजल्यावर दिसलं, लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांना 'बरोबर' वाटणारं तापमान ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त असे. उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग फिका वाटतो ना! मग ते आणखी तापवायचं, आणि जळून ठिसूळ व्हायचं.

१९१८ मध्ये पद्धत सुधारली. पण तोवर दहा लाखांहून अधिक रिसीव्हर बनले होते. त्यातला ठिसूळ कुठला, ते कसं ओळखणार? म्हणून सीमारेषा आली ती क्रमांकाची: स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले संशयित.

जुनी रायफल चालवण्याआधी जाणकार नळीत काही अडकलंय का बघतात, तडे शोधतात, काडतूस नीट बसतं का ते गेजने तपासतात. हे सगळं हवंच. पण ठिसूळ रिसीव्हर यातून बिनबोभाट पास होऊ शकतो. एखाद्या काडतुसाचं पितळ फाटून वायू मागे उसळला, की चांगलं पोलाद तो तडाखा बऱ्याचदा सोसतं. हे मात्र काचेसारखं फुटतं.

जनरल ज्युलियन हॅचर यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात १९१७ ते १९२९ मधल्या अशा ६८ घटना नोंदवल्या आहेत. दहा लाखांत ६८! म्हणूनच कुणीतरी म्हणतं, "शंभर वर्षं टिकली, आता काय होणार?" मला हे पटत नाही. आजवर टिकली म्हणजे तिच्यावर तशी वेळ आली नाही, एवढंच.

आजोबांची रायफल हातात आली की एकदा तरी चालवून बघावी असं वाटणारच. पण आधी क्रमांक वाचावा. तो त्या सीमेच्या आतला असेल, तर ती भिंतीवरच शोभते.