पांढरी, काळी आणि मधली जागा

श्रोतेहो, आर्वी गावातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. घरे संपतात, कापसाची नि तुरीची वावरे लागतात. आणि ही वावरे सुरू होतात न होतात तोच रस्त्याच्या कडेला एक टिनाची शेड दिसते. शेडपुढे सिमेंट कालवण्याचे मिक्सर, सेंट्रिंगच्या फळ्यांची थप्पी, गिट्टीचा ढीग, एखादी ट्रॉली. चौकशी केली तर समजते की मालक मूळचा शेतकरीच. दोन वर्षे पीक बुडाले, मुलाने रस्त्याच्या मोऱ्यांचा लहानसा ठेका घेतला, तो बरा झाला, मग दुसरा घेतला. सामान ठेवायला जागा हवी, म्हणून वावराचा एक तुकडा मोकळा केला.

एके दिवशी त्याच्या हाती तहसीलची नोटीस पडते. शेतजमिनीचा बिनशेती वापर का केला, याचा खुलासा करा! मुलगा चिडतो. म्हणतो, "वावर माझं, सातबारा माझ्या बापाच्या नावावर. मी त्यात पऱ्हाटी लावीन नाहीतर मिक्सर ठेवीन. सरकारचं काय जातं?"

प्रश्न रास्त आहे. त्याला नुसते "कायदा आहे" असे उत्तर देऊन भागत नाही. तो कायदा आला कुठून, कशासाठी आला, हे पाहिले पाहिजे. आज आपण तेवढेच करू.

आपल्या भाषेत गावाचे दोन भाग फार जुने आहेत. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. घरांच्या भिंतींची माती शेकडो वर्षे झिजून, राख मिसळून पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. कुणी कायदा न करता लोकांनी ठरवलेली ही वाटणी आहे. कुंभाराची भट्टी घरांच्या गर्दीत नको, लोहाराचा भाता गंजीजवळ नको, कातडे कमावण्याचे काम पाणवठ्याच्या वर नको, हे शहाणपण त्यातलेच.

परंतु या जुन्या वाटणीची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. तिने कामाबरोबर माणसालाही बाहेर काढले. धूर होतो म्हणून भट्टी दूर ठेवणे वेगळे, आणि जन्माच्या नावाखाली माणसाचे घर वेशीबाहेर ठेवणे वेगळे. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात अन्याय आहे. जागेचा कोणताही नियम पाहताना ही फूटपट्टी हाताशी ठेवा : नियम कामाच्या उपद्रवाला बांध घालतो आहे, की माणसाला?

आता वर्धा जिल्ह्याकडे या. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. पुढच्याच काही वर्षांत रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने येथील पहिली मोठी जमाबंदी केली. पुढे कापसाच्या खात्याचा आयुक्त झाला तोच हा. या जमाबंदीत गावचे पाटील-मालगुजार जमिनीचे मालक ठरले. जमिनीची प्रत पाहून सारा बसवण्यात आला. काळी, मोरंड, खरडी, बरडी हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, ते त्या दप्तरातूनच पक्के झाले. गावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहिले गेले. चराई कुठे, जळण कुठले, आबादीत घराला जागा कुणाला, हे त्यात असे. म्हणजे पांढरी-काळीची तोंडी वाटणी इथे प्रथम कागदावर आली.

त्याच सुमारास रेल्वे आली आणि कापसाला भाव आला. आर्वीत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १९१७ साली पुलगाव-आर्वी अशी सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. ती गाडी आता केव्हाच थांबली, पण तिच्या आठवणी घरोघरी आहेत. जिन, गोदामे, रेल्वेचे आवार हे सारे धड पांढरीतले नव्हते की काळीतले नव्हते. गाव आणि शेत यांच्यामध्ये ही एक तिसरी जागा तयार झाली. आपल्या ठेकेदाराची शेड उभी आहे ती याच मधल्या जागेत.

तिकडे मुंबई इलाख्यात या जागेचा विचार आधी झाला होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६५ व्या कलमाने शेतकऱ्याला सांगितले की, शेतीसाठी धरलेली जमीन दुसऱ्या कामाला लावायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्या. यात सरकारचा मतलब होता, तो लपवण्याचे कारण नाही. शेतीचा सारा कमी, बिनशेतीचा जास्त. वापर बदलला तर उत्पन्नातला वाटा हवा. गंमत अशी की त्याच कलमात रयतेच्या बाजूचीही एक गोष्ट होती. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे! साहेबाच्या टेबलावर अर्ज झोपून राहू नये, याची ती तजवीज होती.

वर्ध्याला हा कायदा लागू नव्हता. इकडे मध्य प्रांताचे कायदे चालत, त्यातला मोठा १९१७ चा. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. आबादी, गोचर, पडीत यांचा धनी आता मालगुजार राहिला नाही. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला आणि सामाईक जागांसाठी निस्तारपत्रके आली. आजही आर्वीकडे जमिनीचा वाद निघाला की जुनी माणसे म्हणतात, "चोपन-पंचावनचा अभिलेख काढा." त्याचे कारण हे.

१९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. एका राज्यात कोकणाचा कायदा एक, मराठवाड्याचा दुसरा आणि विदर्भाचा तिसरा, हे चालणार कसे? म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा एकच कायदा झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. पटवाऱ्याचा तलाठी झाला, आणि १८७९ चे ते कलम नव्या रूपात वर्ध्यालाही पोचले.

या संहितेने घातलेली चौकट अशी होती. शेतीला लागणारी इमारत, म्हणजे गोठा, अवजारांची खोली, माल ठेवण्याची कोठी, ही शेतीचाच भाग. याउलट इतर धंद्यासाठी जमीन वापरायची तर ४४ व्या कलमाप्रमाणे आधी अर्ज. कलेक्टरने ९० दिवसांत निर्णय द्यावा, न दिल्यास परवानगी मिळाली असे समजावे. परवानगीनंतर वर्षाच्या आत वापर सुरू करावा आणि सुरू केल्यावर ३० दिवसांत तहसीलदाराला कळवावे. न विचारता वापर बदलला तर ४५ व्या कलमाखाली दंड, आणि तो वापर बंद करण्याचा हुकूमही होऊ शके.

आता आपल्या मुलाचा ट्रॅक्टर घ्या. सकाळी तो वखरणी करतो, दुपारी ठेक्याची रेती वाहतो. ट्रॅक्टर एकच, शेड एकच. मग शेड शेतीची की ठेक्याची? कायदा वस्तूकडे पाहत नाही, वापराकडे पाहतो. स्वतःच्या शेतीची अवजारे ठेवली तर ती शेतीची खोली. ठेक्याचे मिक्सर, फळ्या, गिट्टी साठवली की ते धंद्याचे आवार. भांडण सुरू होते ते नेमके या रेषेवर.

त्याच १९६६ साली दुसरा कायदा झाला, प्रादेशिक व नगररचनेचा. महसुलाचा कायदा विचारी : या तुकड्याचा वापर बदलला काय? नगररचनेचा कायदा विचारतो : या भागात कोणता वापर शोभेल? नकाशावर शेतीविभाग, निवासी विभाग, औद्योगिक विभाग असे रंग भरायचे आणि त्यानुसार बांधकामाला संमती द्यायची. ही कल्पना परदेशात वाढली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १८९१ साली आणि न्यूयॉर्कने १९१६ साली असे विभाग पाडले. अमेरिकेत युक्लिड नावाच्या एका गावाने १९२२ साली नियम केले, तेव्हा ६८ एकर जमिनीच्या मालक कंपनीने आपल्या मुलासारखाच सवाल केला : जमीन आमची, तुम्ही कोण? खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२६ साली गाव जिंकले. न्यायमूर्तींनी दाखला दिला तो खेड्यातल्या माणसाला चटकन पटेल असा. डुक्कर हा काही वाईट प्राणी नाही. पण तो गोठ्याकडे असावा, दिवाणखान्यात नव्हे.

मात्र त्याच देशात काही शहरांनी काळ्या लोकांनी कोठे राहावे याचेही नियम केले होते. ते १९१७ साली न्यायालयाने मोडून काढले. आपली मघाची फूटपट्टी तिकडेही लागते, बघा.

आपल्याकडे पुढे नियम हळूहळू सैल होत गेले. १९९४ साली खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी, योजनेत जागा त्या विभागात असेल तर, आगाऊ परवानगीची अट काढण्यात आली. २०१४ पासून एकामागून एक दुरुस्त्या होऊन, योजनेत बिनशेती दाखवलेल्या जमिनीला आणि गावठाणाच्या लगतच्या पट्ट्याला वेगळ्या परवानगीची गरज कमी झाली. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली आली. नियम बदलत राहतात. म्हणून शेड घालण्यापूर्वी तहसीलात आणि नगररचनेच्या कार्यालयात त्या दिवसाची स्थिती विचारा. शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले त्यावर जाऊ नका.

मग सरकारचं काय जातं, या प्रश्नाचे उत्तर काय? खरे सांगायचे तर जाते ते सरकारचे कमी, शेजाऱ्याचे जास्त. बोंडे फुटलेल्या कापसावर गिट्टीची भुकटी बसली की कापसाची प्रत जाते. अवजड टिप्परने पांदण खचली की पावसाळ्यात दहा जणांच्या बैलगाड्या अडतात. मुरूम टाकून नाला बुजवला की वरच्या वावरात पाणी साचते. आणि स्वतःचे वावर सोडून गोचरात ढीग टाकला तर साऱ्या गावाच्या गुरांचा घास जातो. गावाच्या सामाईक जागा अशा बळकावू देऊ नयेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये पंजाबातील एका खटल्यात बजावले आहे. जमिनीखालचा मुरूम आणि नदीची रेती तर संहितेच्या ४८ व्या कलमाने सरकारचीच. ती परवान्यावाचून काढता येत नाही.

पण मुलाची बाजूही आहे, ती दडपू नये. मोठा ठेकेदार वकील ठेवतो, नकाशे काढून आणतो. लहान माणसाला अर्ज कोठे द्यावा हेही ठाऊक नसते. नोटीस मात्र आधी त्यालाच पोचते. कोरडवाहू शेतीला जोडधंदा हवा, असे आपणच व्यासपीठावरून सांगतो. मग त्या धंद्याला पाय ठेवण्यापुरती जागा कायद्याने सुटसुटीतपणे द्यायला हवी. ९० दिवसांचे ते कलम, किंवा १८७९ चे तीन महिने, याच न्यायासाठी होते. उत्तर द्या, होय तरी म्हणा, नाही तरी म्हणा, पण माणसाला लटकत ठेवू नका.

शिक्षक मित्रांनो, एक काम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन एकदा गावाचा नकाशा काढा. पांढरी दाखवा, काळी दाखवा, निस्तारपत्रकातले गोचर, खळवाडी, स्मशान, पांदण दाखवा. मग मुलांनाच विचारा : गावात उद्या कुणी ठेकेदार झाला, तर त्याची शेड कोठे बसवाल? वारा कोणीकडून वाहतो, पाणी कोणीकडे उतरते, शाळा कोठे आहे, हे मुले आपोआप बोलू लागतील. आणि ती जागा मुलांनी सापडवली, तर तो नकाशा ग्रामसभेत जरूर मांडा. ठेक्यावरून परतणारा तो मुलगाही तेथे बसलेला असेल. त्यालाही पहिल्यांदाच कळेल की, त्याला जागा नाकारणारे गाव हे नव्हे. ती कोठे द्यावी, एवढाच प्रश्न होता.