जखमेची साक्ष



धारवाडच्या जकणी बावीजवळून जाताना आजही माझे पाऊल क्षणभर थबकते. असहकाराच्या दिवसांत, १ जुलै १९२१ रोजी, दारूच्या दुकानापुढे निदर्शने चालली असता येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि खिलाफत चळवळीतील तीन स्वयंसेवक प्राणास मुकले. काँग्रेसने या घटनेच्या चौकशीसाठी समिती नेमली. तीत अब्बास तय्यबजी होते. पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. सरकारी अहवालांतील एक ठरीव वाक्य मला नेहमीच खटकत आले : ‘जमावावर गोळीबार करण्यात आला.’ या रचनेत कर्ता लपतो. कोणी, किती अंतरावरून, समोरून की पाठीमागून, हे प्रश्नही त्याच्याबरोबर लपतात. त्यांतील काहींची उत्तरे मिळतात ती वैद्याने लिहून ठेवलेल्या नोंदीत.

गोळी शरीरात शिरते तेथील जखम सामान्यतः लहान असते. तिच्या कडा आत वळलेल्या असतात व भोवती खरचटल्याचे वर्तुळ दिसते. बाहेर पडते तेथील जखम बहुधा मोठी व वेडीवाकडी. बंदूक फार जवळून झाडली असेल, तर दारूचे कण त्वचेत रुततात. लाठीचा वळ पुष्कळदा दोन समांतर रेघांचा असतो, मधली त्वचा फिकट राहते. आणि कोपराखालच्या हातावरचे वळ सांगतात की, मार खाणाऱ्याने डोके वाचविण्यासाठी हात आडवा धरला असावा. गोळी झाडणाऱ्याचे नाव जखम सांगत नाही, त्याच्या मनातील हेतूही नाही. मात्र दिशा आणि अंतर यांविषयी ती जे सांगते, ते सहजासहजी खोडता येत नाही.

मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मृत्यू पावली. बहुतेक जखमा कंबरेच्या वरच्या होत्या. जमाव पांगविण्यासाठी झाडलेली गोळी खाली झाडावी, हा दंडक ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या दलातील अधिकाऱ्यास दोषी धरले. लपलेला कर्ता वाक्यात परत यायला बारा वर्षे लागली.

आता आपल्या गावाकडे परत येतो. हुबळीत १५ ऑगस्ट १९४२ रोजी नारायण डोणी हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याची कथा मी कितीतरी वर्षे वर्गात सांगितली, मुलांचे डोळे पाणावलेले पाहिले. पण गोळी कोठे लागली, कोणी तपासली, ती नोंद कोणत्या दप्तरात ठेवली, हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही. हुतात्म्याला आपण हार घातला आणि साक्षीदाराला विसरलो. ही चूक माझी आहे आणि ती येथे कबूल केलेली बरी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही वैद्य होतील, काही वकील, काही पोलीस अधिकारीही होतील. वैद्य व्हाल तर जखम जशी दिसली तशी लिहा. वरून कोणाचा निरोप आला तरी तीत अक्षराचाही फरक करू नका. आणि इतर कोणीही झालात, तरी कर्ता नसलेले वाक्य वाचलेत की तेथे थांबा. आमच्या पिढीने ते विचारायचे राहून गेले. तुम्ही विचारा.