तळटीप २३ : खोजुफची अंतिम फेरी, १९७३

२३. ‘खोजुफचा रविवार’ : २ सप्टेंबर १९७३. दक्षिण पोलंडमधील खोजुफ येथील सिलेशियन स्टेडियमवर त्या दिवशी स्पीडवेच्या वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली. स्पीडवे म्हणजे लंबगोल मातीच्या धावपट्टीवरील मोटारसायकल शर्यत. गाडीला ब्रेक नसतो आणि गिअर एकच. वळणावर मागचे चाक घसरवतच गाडी फिरवावी लागते. तेव्हा पात्रता फेऱ्या हंगामभर चालत, पण विजेता एकाच दिवशी ठरे : १६ स्वार, २० शर्यती, प्रत्येक शर्यतीत चौघे, चार फेऱ्या, आणि ३-२-१-० असे गुण. प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती येत, म्हणजे कमाल गुण १५. (१९९५पासून मालिका-पद्धत आली.)

न्यूझीलंडचा आयव्हन मेजर तोवर चार वेळा जगज्जेता झालेला. पोलंडचा येझी श्चाकिएल १९७१च्या अंतिम फेरीत एकही गुण मिळवू शकला नव्हता. दोघांचेही १३ गुण झाल्याने निर्णायक शर्यत घ्यावी लागली. श्चाकिएल पुढे होता. त्याला ओलांडण्याच्या प्रयत्नात मेजर पडला. मूळ मजकुरातील ‘तो पडला’ हे शब्द याच क्षणाचे. श्चाकिएलला केवळ नशिबाने जिंकलेला म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. मेजरइतकेच गुण त्याने आधीच्या पाच शर्यतींत कमावले होते आणि निर्णायक शर्यतीतही आघाडी त्याचीच होती. तो पोलंडचा पहिला वैयक्तिक जगज्जेता. दुसरा, तोमाश गोलोब, २०१०मध्ये झाला.