कॉर्नफ्लेक्स निर्धोक, ओट्स वर्ज्य?

किडनीच्या रुग्णाच्या आहारतक्त्यात न्याहारीची वाटणी बहुधा ठरलेली असते. कॉर्नफ्लेक्स, पांढरा ब्रेड, रव्याचा उपमा चालेल. ओट्स, नाचणी, कोंड्याचे फ्लेक्स टाळा. हे मत निराधार नाही. १०० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ४०० मिलिग्रॅमहून जास्त फॉस्फरस असतो, कॉर्नफ्लेक्समध्ये त्याच्या पावपट. थकलेल्या किडनीला तो पुरेसा बाहेर टाकता येत नाही. मग हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

पण हा हिशेब ताटातल्या फॉस्फरसचा झाला. रक्तात किती उतरतो, ते वेगळंच. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच. त्यामुळे निम्म्याहून कमीच शोषला जातो. कारखान्यात मिसळलेले फॉस्फेट क्षार मात्र ९० टक्क्यांपर्यंत शोषले जातात. २०११ साली अमेरिकेत शॅरन मो आणि सहकाऱ्यांनी ९ रुग्णांना एक आठवडा धान्य-सोयाबीनचा आणि एक आठवडा मांस-दुधाचा आहार दिला. फॉस्फरस दोन्हींत सारखा. तरी धान्याच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी निघाला. रुग्ण नऊच होते, हे खरं. तरीही फॉस्फरस आला कुठून हे पाहा, असं किडनीच्या रुग्णांच्या आहाराबद्दलची २०२० ची केडीओक्यूआय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. (आंबवल्यावर फायटेट काही अंशी फुटतं, तेव्हा आंबिलीला हा फायदा पुरता मिळत नाही.)

आणि कॉर्नफ्लेक्स कोरडे खातं कोण? वर कपभर दूध ओतलं की सव्वादोनशे मिलिग्रॅम फॉस्फरस आणि साडेतीनशे पोटॅशियम वाटीत आलं. पाण्यात शिजवलेल्या ४० ग्रॅम ओट्समध्ये दोन्ही याहून कमी. शिवाय किडनीच्या कितीतरी रुग्णांना मधुमेह असतो, आणि कॉर्नफ्लेक्सनं साखर झपाट्यानं चढते. या मुद्द्याकडे तक्ता करणाऱ्यांचं लक्ष कसं जात नाही, याचं नवल वाटतं.

ओट्स-नाचणीत पोटॅशियम जास्त असतं, हा आक्षेप जास्त वजनदार. पण ३० ग्रॅम नाचणीच्या पिठात ते सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅमच. एका केळ्यात याच्या जवळजवळ तिप्पट. ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांचा तक्ता त्यांच्या डॉक्टर-आहारतज्ज्ञांनीच ठरवावा. त्यांनी 'लो सोडियम' मीठही परस्पर वापरू नये, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बाकीच्यांना साधे ओट्स, नाचणीची पेज, बेताच्या मिठाचे आणि मूठभर शेंगदाण्यांऐवजी चार दाण्यांचे पोहे वर्ज्य ठरवायला पुरावा दिसत नाही.

मिठाचा आणि मिसळलेल्या फॉस्फेटचा धोका आहे तो मसाला ओट्सच्या पाकिटात. भारतातल्या वेष्टनावर सोडियम छापणं बंधनकारक आहे, फॉस्फरस नाही. म्हणून घटकांच्या यादीत ३३९, ३४०, ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक शोधावेत. ते फॉस्फेटचे आहेत.