मे ताओ क्लिनिक

थायलंडमधील माए सोत या सीमावर्ती शहरालगतचे, म्यानमारमधून आलेले निर्वासित व स्थलांतरित मजूर यांच्यासाठीचे धर्मादाय रुग्णालय. म्यानमारमधील १९८८ चे लोकशाही आंदोलन लष्कराने चिरडले, तेव्हा तिथल्या करेन या अल्पसंख्याक समाजातील डॉ. सिंथिया माउंग सीमा ओलांडून आल्या. १९८९ मध्ये त्यांनी इथे दवाखाना थाटला. उपकरणे निर्जंतुक करायला हाताशी होता भात शिजवण्याचा कुकर!

थायलंडने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे सीमा ओलांडून आलेल्यांना निर्वासिताचा कायदेशीर दर्जा मिळत नाही; साहजिकच कागदपत्रे नसलेला मजूर अटकेच्या धास्तीने सरकारी इस्पितळाची पायरी चढायला बिचकतो. या दवाखान्याचे खरे कर्तृत्व इथेच दिसते : रुग्णाची भाषा बोलणारे आरोग्यसेवक त्याने निर्वासितांमधूनच घडवले. प्रसूती, लसीकरण, मलेरियावरील उपचार यांच्या जोडीने भूसुरुंगात पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय मिळू लागले. १९९८ पासून तर पाठीवर औषधांच्या पिशव्या घेतलेली स्वतंत्र पथके सीमेपलीकडच्या संघर्षग्रस्त गावांत जाऊ लागली.

माउंग यांना २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पैशाची चणचण मात्र या सीमेवर कायमचीच. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत गोठवताच तिथल्या निर्वासित छावण्यांतील दवाखाने बंद पडले आणि रुग्णांना थाई सरकारी इस्पितळांत हलवावे लागले.